भागूचा हुंकार

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या, पण खाली 'मस्त लिहिलंय' अशी कॉमेंट टाकू नका. कारण हे मी रचलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीवर हा प्रसंग गुदरलाय, आणि तिनं तो मला सांगितला तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच गार झाला होता.

तिचं नाव इंद्रायणी. राहायला कळंबला. नोकरी घोडेगावच्याही वर, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका शाळेत. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावात एक आई अजून राहते.

आणि अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती. भाद्रपद संपत आलेला. शाळा नुकती सुटलेली, बाहेर चांगला उजेड. भीती वाटायला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

इंद्रायणी त्या शाळेची अर्धवेळ ग्रंथपाल. अर्धवेळ फक्त कागदावर हं! पुस्तकं तिनं सांभाळायची, कुणी गुरुजी रजेवर गेले की वर्गही तिनंच सांभाळायचा. लायब्ररी म्हणजे काय, तर पोषण आहार शिजतो त्या खोलीला लागून एक खोली. दोन कपाटं, एक सतरंजी. पण बाईचा जीव त्या खोलीत.

जुन्नर-आंबेगावच्या शाळांमधल्या ग्रंथपालांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठं कार्यशाळा आहे, कुठं पुस्तकांचं प्रदर्शन आहे, कुणाची निवड झाली, अशा बातम्या त्यावर येतात. बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात. इंद्रायणी मात्र पिशवी उचलून निघायची.

तशीच ती जुलैत वारूळवाडीला गेली. प्रकट वाचनाची कार्यशाळा होती. म्हणजे मुलांना पुस्तक मोठ्यानं वाचून कसं दाखवायचं, ते शिकवणार होते. शिकवायला आलेल्या बाई एकदम हुशार. त्यांनी एक युक्ती सांगितली.

"गोष्ट एका दमात संपवू नका. पोरं जिथं श्वास रोखतात ना, तिथंच पुस्तक मिटा. आणि ते पुस्तक घरी देऊ नका. मग बघा, बोलवायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी पोरं आपसूक येतात."

सगळ्यांनी लिहून घेतलं. इंद्रायणीनंही.

शाळेत तिनं एक पुस्तक वाचायला घेतलं. चंपी नावाच्या मुलीची शेळी हरवते, आणि चंपी तिला शोधत कड्यावर जाते, अशी गोष्ट. पाचवीची पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. पहिलं वाक्य वाचून ती थांबली, तर समोरून आवाज आला.

"हं."

पोरं फिदीफिदी हसली. भागू होती ती. वरच्या वाडीची, बारीक अंगाची, कपाटाला टेकून बसलेली. तिची आई रत्ना म्हणजे शेजारच्या खोलीत पोरांची खिचडी शिजवणारी बाई.

"हं काय गं?" इंद्रायणीनं विचारलं.

"आमची आजी म्हनती, गोष्ट ऐकताना हुंकार द्यायाचा. न्हाई दिला तर सांगणाऱ्याला वाटतं, पोर झोपलं. मग गोष्ट थांबती."

तेव्हापासून हुंकार द्यायचं काम भागूचं. इंद्रायणी म्हणते, तशी वाचायची मजा तिला पुन्हा कधी आली नाही.

एके दिवशी गोष्ट ऐन रंगात आली. चंपी धुक्यात शिरली. पाय ठेवायला जागा दिसेना. आणि कुठूनशी शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली...

पोरांनी श्वास रोखला. इंद्रायणीनं पुस्तक मिटलं.

"बाई, शेळी सापडती का?" भागू दारापर्यंत मागं आली. "पुस्तक घरी न्हेऊ? सकाळी आनून देते."

"उद्या गं. उद्या वाचू."

त्या रात्री भागूला अंथरुणात मण्यार चावली. घोडेगावचा दवाखाना येण्याआधीच, जीपमध्येच पोर गेली.

यात इंद्रायणीचा काय दोष? काहीच नाही. मीही तिला तेच म्हणालो. पण पुस्तक घरी मागणारं लेकरू आणि आपण म्हटलेलं 'उद्या', हे काळजातून निघत नाही. तिनं ते पुस्तक कपाटात अगदी मागं सारून ठेवलं. मुलं कपाटाजवळची ती जागा सोडून बसायला लागली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग ग्रुपवर बातमी आली. वर्गात सुरू असलेल्या पुस्तकाच्या वाचनाचं रेकॉर्डिंग पाठवा. निवड झालेल्यांना पुण्यात मोठं प्रशिक्षण, आणि पुढं तालुक्यातल्या ग्रंथपालांना शिकवायची संधी. इंद्रायणीनं किती वर्षं याची वाट पाहिली होती!

मुलांसमोर ते पुस्तक वाचायचं तिच्याच्यानं होईना. म्हणून शाळा सुटल्यावर ती एकटी बसली. दार लोटलं. मोबाइल कपाटावर ठेवला. राहिलं होतं तिथून वाचायला घेतलं.

परतीच्या जीपमध्ये कानात हेडफोन घालून ऐकलं. तिचाच आवाज. एक वाक्य. मग क्षणभर शांतता.

आणि त्या शांततेत...

"हं."

तिला वाटलं, आपणच म्हणालो असू. सवयीनं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. शेजारच्या खोलीत रत्ना भांडी घासत होती. पोरीला जाऊन महिना होतोय न होतोय तोच ती कामावर आली होती. न येऊन सांगते कुणाला? पातेल्यावर काथ्या फिरल्याचा खरखर आवाज भिंतीपलीकडून येत होता.

इंद्रायणीनं वाचलं, "चंपीनं हाक मारली. धुक्यातून उत्तर आलं नाही."

आणि ती थांबली.

"हं."

या वेळी मोबाइलमधून नाही. समोरून. कपाटाजवळून.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याहून वाईट गोष्ट एका क्षणानं तिच्या लक्षात आली...

शेजारची खरखर थांबली होती.

दार ढकललं गेलं. दारात रत्ना. कोपरापर्यंत फेसाचे हात.

"बाई, परत वाचा."

इंद्रायणीनं तेच वाक्य परत वाचलं. काही नाही. पुन्हा वाचलं. शांत. पत्र्यावर कावळा चालला त्याचा तेवढा आवाज.

"त्ये तिनं ऐकलंय," रत्ना हळूच म्हणाली. "फुडचं वाचा."

पुढचं वाक्य वाचलं.

"हं."

रत्ना खालीच बसली. ओरडली नाही, रडली नाही. ओल्या हातांनी तोंड झाकून तशीच बसून राहिली.

त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की दोघी त्या खोलीत. शाळेचा शिपाई गेणभाऊ कुलूप घेऊन व्हरांड्यात थांबायचा. एकदा त्यानंही ऐकलं असावं. "बाई, रिकाम्या खोलीला वाचून दाखवू नगा. चांगलं नसतं त्ये," एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर तो व्हरांड्यातही थांबेना. फाटकापाशी जाऊन उभा राहायचा.

इंद्रायणीनं दुसरी पुस्तकंही वाचून पाहिली. रंगीत चित्रांची, गमतीची. एकालाही हुंकार आला नाही. भागूला फक्त चंपीची शेळी हवी होती. आणि तीही न ऐकलेली ओळ असेल तरच.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. पुस्तक लहान होतं. पानं संपत चालली होती.

"बाई, आज एकच ओळ वाचा," रत्ना म्हणायची. ती एक ओळ, तो एक हुंकार, आणि मग ती उठून घरी जायची. त्यावर तिचा दिवस निघायचा. पुढं पुढं तर ती डब्यातली भाकरी खायला लागली. हसली पण एकदा.

शेवटी एकच पान राहिलं. त्या पानावर शेळी सापडते. इंद्रायणीनं ते आधीच डोळ्यांखालून घातलं होतं.

"ह्ये संपल्यावं काय?" रत्नानं विचारलं.

इंद्रायणीनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं.

"नगा संपवू बाई. पाया पडते तुमच्या. अजून काय तरी वाचा. तुमी शिकलेल्या हायसा, तुमच्या मनानं वाचा."

आणि इंद्रायणीनं ते केलं. पान तसंच ठेवून ती मनचं वाचायला लागली. चंपी आणखी एक वळण चढली. चंपीला आणखी एक घळ लागली. धुकं आणखी दाट झालं.

"हं."

हुंकार आला! रत्ना लहान मुलीसारखी आनंदली. इंद्रायणीचाही जीव भांड्यात पडला. आता काय, गोष्ट कितीही लांबवता येणार होती. चंपी रोज थोडी चालायची, शेळी रोज थोडी पुढं जायची, घंटी वाजायची. दसरा येऊन गेला. रेकॉर्डिंग पाठवायची मुदत कधी टळली, तिला कळलंही नाही.

पण हळूहळू काहीतरी बदलायला लागलं...

हुंकार उशिरा यायला लागला. वाक्य संपायचं. दोघी श्वास धरून बसायच्या. मग कुठून तरी, लांबून, "...हं." ओढल्यासारखा. जड. दिवसभर खेळून आलेलं लेकरू, डोळे मिटत असताना, केवळ गोष्ट थांबू नये म्हणून देतं तसा.

इंद्रायणीला ते आधी कळलं. ती बोलली नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

एका संध्याकाळी ती वाचत होती, "चंपीचे पाय दुखत होते, तरी ती चालतच राहिली..."

थांबली. हुंकार आला नाही. दोघी वाट बघत राहिल्या. खूप वेळानं, कपाटाच्या अगदी बुडाशी, जमिनीलगत...

"...हं."

रत्नाचा चेहरा बदलला.

"बाई," ती म्हणाली, "किती चालवताय तिला धुक्यात?"

इंद्रायणीनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"त्या राती जीपमधी माझ्या मांडीवर व्हती. म्हनायची, आये, झोप येतीया. लोकं म्हनली, झोपू दिऊ नगा, झोपली की गेली. मी तिच्या गालावर चापट्या मारत ऱ्हायले बाई. जागी ऱ्हा, जागी ऱ्हा. ती माझ्याकडं बघायची, आन् तिच्या पापण्या काय उघडंनात. जाताना माझ्या लेकराला मी मारलं. आन् आता बी मीच तिला झोपू दीना झाले."

मग रत्ना सरकली. कपाटाजवळच्या त्या रिकाम्या जागेजवळ मांडी घालून बसली, आणि सतरंजीवर हात ठेवून थोपटायला लागली. सावकाश. अंगाई नाही, काही नाही. नुसतं थोपटणं.

"वाचा बाई. शेवटचं पान वाचा."

इंद्रायणीनं पान उघडलं. अक्षरं दिसत नव्हती, पण तिला ते पाठ होतं. धुकं विरळ झालं. "हं," आलं, अगदी बारीक. कड्याच्या कपारीत काहीतरी पांढरं हललं. "...हं." चंपी धावली.

या वेळी नुसता श्वास ऐकू आला.

इंद्रायणीनं शेवटची ओळ वाचली. "शेळी सापडली, आणि दोघी घरी आल्या."

ती थांबली.

रत्नाचा हात थोपटत होता.

काहीच आलं नाही. पत्र्यावर कावळा नव्हता. वारा नव्हता. शेजारच्या खोलीतला नळ रोज ठिबकायचा, तोही ठिबकत नव्हता. खोली इतकी रिकामी इंद्रायणीनं आयुष्यात पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळानं रत्नानं मान खाली घातली, आणि तिनंच हुंकार दिला.

"हं."

त्यानंतर त्या खोलीत कुणाचाही आवाज आलेला नाही.

इंद्रायणी अजून तिथंच नोकरी करते. वारूळवाडीच्या पुढच्या कार्यशाळेत तीच युक्ती पुन्हा सांगितली गेली, तेव्हा ती सगळ्यांसमोर उठून म्हणाली, "बाई, मुलांना गोष्ट संपवून घरी पाठवत जावा." का, ते तिनं सांगितलं नाही. लोकांना वाटलं, कळंबच्या बाई जरा तिरसट आहेत.

रत्ना अधूनमधून भांडी घासता घासता दारात येते. विचारते, "बाई, शेवट ऐकला असंल ना तिनं? का आधीच झोपली असंल?"

"ऐकला," इंद्रायणी म्हणते. दर वेळी म्हणते.

मी तिला विचारलं, "खरंच ऐकला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "शेवटच्या ओळीला हुंकार आलाच नाही रे. झोपली असेल तर बरंच झालं. पण नसेल झोपली... वाट चुकून ती अजून त्या धुक्यातच फिरत असेल तर? गोष्ट तर मीच संपवली, तिला हाक मारायला आता माझ्याकडं एकही ओळ उरलेली नाही."