पुलावरचा भाऊ

"बसा ना, घाबरू नका. परीक्षा तुमची नाही, गेमची आहे," ती नेहमीच्या सवयीने म्हणाली आणि तिने कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

तो पावसात भिजून दारात उभा होता. ज्या खेळाडूला बोलावलं होतं त्याचा पत्ता नव्हता, तेव्हा हाच तो असणार, असं तिने गृहीत धरलं. बाजारात न आलेले गेम अनोळखी लोकांना खेळायला द्यायचे, ते कुठे अडतात, कुठे हसतात, कुठे कंटाळतात ते बघायचं आणि गेम बनवणाऱ्यांना कळवायचं, हे तिचं काम. ऑफिसात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत.

तो खेळू लागला... अगदी सराईतासारखा.

"हा गेम आधी खेळलात का कुठे?"

"थोडाफार."

"कसं शक्य आहे? अजून बाहेरच आलेला नाही!"

"मीच बनवलाय," तो ओशाळून म्हणाला. "चाचणी बघायला आलो होतो. सांगणारच होतो, पण... तुम्ही इतक्या प्रेमाने 'बसा' म्हणालात!"

तिचे कान लाल झाले. मग दोघंही हसत सुटले.

त्यानंतर प्रत्येक चाचणीला तो काचेच्या अलीकडे, तिच्या शेजारी येऊन बसू लागला. पलीकडच्या खेळाडूला इथलं काही दिसत नाही, ऐकू जात नाही, तरी दोघं कुजबुजतच बोलत. कुजबुजायचं तर जवळ सरकावं लागतं ना! 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"खेळाडूकडे बघ," ती दटावायची.

"तू बघतेयस की. मी तुला बघतो."

"माझ्यात काय बघायचंय?"

"समोरचा जिंकला की त्याच्याआधी तूच हसतेस."

घरी तिच्या ताईने तर लगेच ओळखलं. "हल्ली चाचण्या फारच लांबतात वाटतं तुमच्या?" ताईने चिडवलं, आणि ती उशीत तोंड खुपसून हसली.

पण गेममध्ये एक पूल होता. लांबच लांब, ओला. दोन भाऊ घरी निघालेले, आणि थोरला थकत थकत मागे पडत जातो. धाकटा झालेल्या खेळाडूला काहीच करता येत नाही. धावता येत नाही, त्याला उचलता येत नाही, फक्त सोबत चालायचं. गेम बनवणाऱ्या त्याचा स्वतःचा दादा असाच आजारात हळूहळू गेला होता. हे त्याने ऑफिसात फक्त तिला सांगितलं होतं.

खेळाडू मात्र तिथे जांभया देत. "इथे करायचं तरी काय?" म्हणत कंट्रोलर खाली ठेवत. एकाने तर मोबाइलच काढला. काचेआड तिच्या शेजारी तो मुठी आवळून बसला होता.

अहवाल लिहायच्या दिवशी तो तिच्या टेबलापाशी आला.

"पुलाबद्दल थोडं... सांभाळून लिहिशील?"

तिने मान वर केली. "खोटं लिहू?"

"नको," तो म्हणाला. "तुला जमणारही नाही."

तिने डोळे पुसत पुसत, पण खरं तेच लिहिलं. एक बाई त्या पुलावर थांबून रडल्या होत्या, हेही लिहिलं. वरच्यांनी तेवढं सोडून बाकीचं वाचलं. पूल काढून टाकला गेला.

त्याने राजीनामा दिला. गावी आईबाबा एकटे आहेत, तिकडेच काहीतरी बघेन, म्हणाला. शेवटच्या दिवशी ती त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली. एकच छत्री, तरी दोघांचेही खांदे भिजत होते.

"मला तू... फार आवडतोस," ती म्हणाली. "आधीच सांगायला हवं होतं."

"मलाही तू. पहिल्या दिवसापासून."

"मग राहा ना!"

त्याने तिचा हात हातात घेतला. "तू काही चुकीचं केलं नाहीस, हे मनाला किती समजावलं. पण तुझ्याशेजारी बसलो की... दादा पुन्हा जातो गं."

बस आली. त्याने हात अलगद सोडला.

घरी ताईने काही न विचारता तिला जवळ घेतलं. मग हळूच म्हणाली, "अहवाल परत लिहायला मिळाला असता तर?"

"तेच लिहिलं असतं, ताई," ती हुंदका आवरत म्हणाली. "त्यालाही ते माहीत आहे."