एकशे आठवी कळी

सर आली ती सांगूनसवरून नाही. थायलंडच्या लेम छाबांग बंदरावर आभाळ लख्ख होतं, आणि पापणी लवते न लवते तोच पॅकिंग यार्डाच्या पत्र्यांवर ताशे वाजू लागले. टॉर्च छातीशी धरून दाओ धावली आणि समोर जी ताडपत्री दिसली, तिच्याखाली शिरली.

आत अंधार. ग्रीसचा वास. आणि... गाणं?

कुणीतरी हलकेच गुणगुणत होतं. सिनेमातलं नव्हे, देवळात भिक्खू गाऊन प्रवचन करतात ना, त्यातली चाल. दाओनं टॉर्च लावला. छत्तीस टनांच्या गिअरबॉक्सला पाठ टेकून एक तरुण बसला होता, डोळे मिटून.

"कोण आहे तिकडे?"

"हळू... हत्ती जागा होईल," तो डोळे न उघडताच म्हणाला.

"हत्तीची तपासणी माझ्याकडे आहे. आणि तुमचीसुद्धा. पाय पुढे करा."

आता मात्र त्याचे डोळे उघडले. "पाय?"

"पँटीच्या दुमडीत गवताचं कुसळ आहे तुमच्या. हे मशिन ऑस्ट्रेलियाला चाललंय. तिथं एक कुसळ सापडलं, तरी अख्खं मशिन आल्या पावली परत पाठवतात."

"आणि माणसाला?"

"माणसाला मी इथूनच पाठवते. बाहेर. पावसात."

तो हसला, आणि पत्र्यावरच्या पावसाहूनही ते हसू मोठं वाटलं दाओला. तिनं कुसळ चिमटीत उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं.

त्याचं नाव थानिन. साराबुरीच्या कारखान्यातला जोडारी. ऊस गाळणाऱ्या गिरणीसाठी हा गिअरबॉक्स त्यानंच बसवला होता. आता तो पेटीत बंद होऊन समुद्रमार्गे जाणार, आणि जहाज पोचलं की थानिन विमानानं त्याच्या मागोमाग. दहा महिने तिकडेच मुक्काम.

तोवर हातात आठ दिवस होते. दाओ ब्रश घेऊन मशिनच्या पोटाखाली आडवी व्हायची, बोल्टच्या खाचेतून मातीचा कण न् कण टिपायची. वर पाना फिरवत थानिन गुणगुणत असायचा. रोज सकाळी ती त्याच्या पँटीची दुमडी तपासायची, आणि रोज तिथं एक कुसळ असायचंच!

चौथ्या दिवशी तिनं कमरेवर हात ठेवले. "येतं कुठून हे रोज?"

"फाटकापाशी गवत आहे ना, खुन दाओ," थाई रिवाजाप्रमाणे नावाआधी आदराचं 'खुन' लावत तो म्हणाला.

"ते डावीकडे आहे. सगळे लोक उजवीकडून येतात."

"हो, पण..." त्यानं पाना पुसायला घेतला, "लोकांची तपासणी तुम्ही कुठं करता?"

दाओनं तोंड फिरवलं. कान तापले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून.

पौर्णिमेला शेजारच्या सी राचा गावच्या देवळात गाऊन सांगायचं प्रवचन होतं. दानशूर राजपुत्राची कथा! भिक्खूंचा आवाज असा लागला होता, की उदबत्तीचा धूरसुद्धा ऐकत थांबावा. सर्वांत लाडकं तेच देऊन टाकायची वेळ आली तेव्हा दाओच्या डोळ्यांना धार लागली. तिनं सारखं वाहणारं नाक पुसत मान वर केली, तर पलीकडे थानिन! तोही बाहीनं डोळे टिपत होता. पोरांच्या घोळक्यात बसून, कुणाची लाज न बाळगता. त्या क्षणी दाओच्या मनात काहीतरी अगदी अलगद, न बोलता, जागेवर बसलं.

"डोळ्यात कुसळ गेलं," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"दाखवा... तपासते."

पण तपासलं कुणी? दोघंही नुसतेच हसले. आईबरोबर बसून तिनं मोगऱ्याच्या दोन माळा ओवल्या होत्या. एक बुद्धाला वाहिली होती. दुसरी तिनं त्याच्या हातावर ठेवली. "प्रवासाला निघालात. असू द्या."

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, भिक्षा घ्यावी तशी.

मशिन निघायचा दिवस उजाडला. गिअरबॉक्स चंदेरी आवरणात गुंडाळला गेला, ओल शोषणाऱ्या पिशव्या आत बसल्या, पंपानं हवा ओढून घेतली. कीड मरावी म्हणून भट्टीतून काढल्याचा शिक्का असलेल्या फळ्यांची पेटी ठोकून झाली. 'आत माती, बी, पान, फूल काहीही नाही' या कागदावर दाओनं सही केली. तीन वाजता ट्रेलर येणार होता, पाच वाजता बंदराचं फाटक बंद.

दुपारी बाराला थानिन धावत आला. चेहरा पांढराफटक.

"खुन दाओ... आत माळ आहे."

"कसली माळ?"

"तुम्ही दिलेली. कारखान्यात प्रत्येक मशिनला माळ घालून हात जोडतो आम्ही, आणि पॅकिंगआधी काढतो. बाकीच्या काढल्या. ही मात्र... शाफ्टवरच्या झाकणाखाली अडकवली. वाटलं, परक्या मुलखात पेटी उघडताना पहिल्यांदा हीच हाताला लागेल. फूलही चालत नाही, हे तुमच्या कागदावर आत्ता वाचलं."

दाओच्या पायाखालची जमीन सरकली. "फुलं? आत? आणि खाली सही माझी!"

मागून त्याचे फोरमन प्रसितकाका धापा टाकत आले. "अरे, तुझ्या जिभेला हाड आहे का? चार फुलं, वाळून जातील वाटेत! जहाज चुकलं तर पुढचं तीन आठवड्यांनी. मग ऑस्ट्रेलियाच्या यादीतून तुझं नाव खोडतील मालक. कळतंय का?"

"कळतंय, काका. पण तिकडे फुलं सापडली, तर यांचा परवाना जाईल. चूक माझी, शिक्षा यांना?"

दाओ त्याच्याकडे बघत राहिली. गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? राग होता... अजून होता. पण त्या रागाच्या तळाशी काहीतरी विरघळत चाललं होतं. खोटी सही ठेवून ती पुढच्या पौर्णिमेला देवळात कुठल्या तोंडानं बसणार होती? तिनं कागद काढला आणि आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली.

"पेटी उघडा. काका, आवरण चिकटवायची इस्त्री तापवायला सांगा. थानिन, आधी पँटीची दुमडी झटका. मग आत शिरा."

प्रसितकाका कपाळावर हात मारत इस्त्रीकडे पळाले.

फळ्या निघाल्या. चंदेरी आवरण कापलं गेलं. थानिननं झाकणाखालून माळ काढून दिली. सुकलेली, निम्म्या कळ्या गळालेल्या. मग तो झाकणाच्या तळातून एकेक कळी वेचून देऊ लागला, आणि दाओ पिशवीत टाकत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागली. अर्धा तास गेला. घामानं डबडबलेलं त्याचं डोकं बाहेर आलं.

"झालं. आत आता काही नाही."

"एक कमी आहे."

"तुम्ही... मोजल्यात?"

"ओवल्यात मी. एकशे आठ. ह्या एकशे सात."

घड्याळात सव्वादोन. प्रसितकाकांनी मोठ्यानं उसासा टाकला. थानिन मात्र एकाएकी कानापर्यंत लाल झाला. त्यानं हात पुसले, मागच्या खिशातलं पाकीट काढलं, उघडलं आणि दाओपुढे धरलं. कागदाच्या घडीत एक तपकिरी झालेली कळी निजली होती.

"ही आत नव्हतीच," तो हळूच म्हणाला. "माळ मशिनला दिली. पण सगळीच देववेना. एक... माझ्यासाठी ठेवली. दहा महिने पुरली असती, असं वाटलं."

मग काका खाकरले आणि उगाचच दुसरीकडे बघू लागले. "काय हे... इस्त्री थंड होतेय हो!"

तीन वाजून वीस मिनिटांनी दाओनं नव्या कागदावर सही केली. या वेळी अक्षर आधीपेक्षा ठाम आलं. ट्रेलर निघाला, साखळदंडांत बांधलेला हत्ती डुलत डुलत फाटकाबाहेर गेला, आणि पाचाला दहा मिनिटं असताना बंदरातून काकांचा फोन आला – घेतला आत!

थानिननं सुटकेचा श्वास सोडला आणि पाकीट खिशात घालू लागला.

"थांबा," दाओनं हात पुढे केला. "ते द्या इकडे."

"आता हे कशाला? हे तर माझ्या खिशात—"

"माणसांचे खिसेसुद्धा तपासतात तिकडे. फुलं चालत नाहीत."

त्यानं हिरमुसून कळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली, अगदी हलकेच, कळी चुरू नये इतकी.

"माझ्याकडे राहील," ती म्हणाली. जरा अडखळली. मग आपल्याहून थोड्या मोठ्या, मनाजवळच्या माणसाच्या नावाआधी थाईत लावतात ते 'फी' लावून पहिल्यांदाच म्हणाली, "दहा महिन्यांनी न्यायला या... फी थानिन."

तो फाटकाकडे निघाला... आणि डाव्या बाजूनं, गवतातून गेला.