तियो आर्सेनियोंचं डुक्कर का फुगलं?

"क्लारिबेल हौदामागे, मी फणसावर, आणि मिंडा आत वाढायला," रेनाटोने कामं वाटून दिली. "आज चोर सापडलाच पाहिजे."

"शेवग्याच्या पाल्याला चोर मिळाला तर मी त्याला हार घालीन," क्लारिबेल म्हणाली.

मिंडा हसली. तो पाला तिलाही नजरेसमोर नको असायचा. पण सुट्टीतला हा उद्योग चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. गावातल्या हडकुळ्या पोरांसाठी तिया पासिंग, म्हणजे पासिंगमावशी, रोज दुपारी देवळाच्या पडवीत पेज रांधायची, शेवग्याचा पाला बारीक चिरून, सढळ हाताने. वाट्या रिकाम्या परत यायच्या, पण वजनकाटा ढिम्म हलत नव्हता. सगळ्यांत हलका होता मिंडाचा धाकटा भाऊ, पोल्दो. गावच्या पंचायतीतले काका, तियो आर्सेनियो, काट्याकडे एकदा बघून मोकळे झाले होते : पाल्याबिल्याने काही होत नाही, सोमवारपासून पेज बंद, पाकिटातल्या शेवया सुरू. तिया पासिंगने पळी आपटली.

पेज वाढून झाली. पोरं वाट्या घेऊन पडवीमागे गेली, आणि थोड्याच वेळात फणसावरून शीळ आली. मिंडा धावली. बघते तर पोरं कुंपणाशी शिस्तीत रांग लावून उभी! एकेक जण वाटी तियो आर्सेनियोंच्या डुकरापुढे उपडी करत होता, आणि डुक्कर मिटक्या मारत होतं. पोट जमिनीला टेकायचंच काय ते बाकी होतं.

क्लारिबेलने पोल्दोला दंडाला धरलं. त्याने हात सोडवून घेतला.

"मी नाही खाणार. नानाय पडेल."

नानाय म्हणजे त्यांची आई. ती हाँगकाँगला लोकांच्या घरी कामाला होती.

"हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?" रेनाटोने विचारलं.

"मानांग मिंडाने."

मानांग म्हणजे ताई. सगळ्यांनी मिंडाकडे पाहिलं.

शेजारचे आजोबा, लोलो इमो, गेले तेव्हाची गोष्ट. ज्या घरात मरण झालं, त्या घरात प्रार्थना संपेपर्यंत शेवगा शिजत नाही. देठावरून पानं जशी एकामागून एक ओघळतात, तशी घरची माणसंही एकेक गळून पडतात, मरतात, असं जुनी माणसं म्हणतात. त्या दिवशी मिंडाच्या ताटात पाला आला, आणि तिने तो नियम चांगला ताणला. साऱ्या गल्लीला लागतो म्हणाली, वर्षभर लागतो म्हणाली. तिला फक्त तेवढं ताट चुकवायचं होतं. शेजारी पोल्दो बसलेला होता, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. त्याने ते मनात धरलं आणि सगळ्या बारक्यांना सांगितलं.

"मी खोटं बोलले होते रे," ती म्हणाली.

पोल्दोने विचार केला. "तेव्हा, की आत्ता?"

त्याचे खांदे शर्टाच्या आत खुंटीसारखे दिसत होते. हे आपल्याला रोज अंघोळ घालताना कसं दिसलं नाही?

मग ती एकटीच लोला सेपांच्या दारात गेली. लोलो इमो त्यांचेच यजमान. मिंडाने सगळं सांगितलं आणि ओरडा खायला मान खाली घातली. पण आजी ओरडल्या नाहीत. त्याने तर जास्तच लागलं.

"माझ्या नवऱ्याचं मरण तू ताटातला पाला चुकवायला वापरलंस," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी पडवीत मी येते."

दुसऱ्या दिवशी काळ्या कपड्यांतल्या लोला सेपा पोरांच्या ओळीत येऊन बसल्या. मरण माझ्या घरचं, तेव्हा नियमही माझ्याच घरचा, आणि प्रार्थना केव्हाच संपल्या, असं सांगून त्यांनी पहिली वाटी संपवली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चमचे उचलले. तियो आर्सेनियो शेवयांचं बोलायला आलेच होते. रेनाटोने त्यांना अदबीने कुंपणापाशी नेलं.

"पाल्याने काही होत नाही म्हणता ना, तियो? तुमचं डुक्कर बघा."

तियोंनी बराच वेळ डुक्कर बघितलं, कान खाजवला, आणि शेवयांचा विषय काढलाच नाही. उलट छडा लावल्याबद्दल पोरांना शाबासकी दिली. मिंडाच्याही पाठीवर थाप पडली. तिने अंग चोरलं.

पोल्दोची वाटी मात्र तशीच होती. मिंडाने तियोंचा फोन मागून घेतला. पडद्यावर नानाय आली. मिंडाने पाल्याचा मोठा घास घेतला.

"नानाय, पडली नाहीस ना?" पोल्दोने विचारलं.

"पडू कशाला? इस्त्री करतेय, उभी आहे."

मिंडाने दुसरा घास घेतला. "आता?" पोल्दोने विचारलं.

"आत्ताही उभीच. काय रे, झालं काय?"

पोल्दोने चमचा तोंडात घातला. चावताना त्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. नानाय उभीच होती. मग त्याने वाटीच तोंडाला लावली.

"मिंडा जेवू घालतेय वाटतं," नानाय म्हणाली. "गुणाची गं माझी पोर!"

मिंडाने चमचा खाली ठेवला.

"गुणाची नाही, नानाय," ती म्हणाली. "सांगते. आधी एवढी वाटी संपवू दे."

तिया पासिंगने न विचारता तिच्या वाटीत आणखी पाला वाढला.