शेजारची सीट

जुनी गाडी पाहायला जाताना मी सोबत दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, भिंग आणि एक जुनी सतरंजी नेतो. सतरंजी गाडीखाली आडवं व्हायला, बाकी दोन वस्तू खोटं पकडायला. दुर्मिळ गाडी अस्सल आहे, की दोन भंगारांचं लग्न लावून उभी केली आहे, हे विकत घेणाऱ्याला सांगायचं, एवढाच माझा धंदा. माझा शब्द आजवर कधी खोटा ठरलेला नाही.

त्या दुपारी गिऱ्हाईक होता माझा धाकटा भाऊ. सोबत त्याची बायकोही आली होती.

एका लॉन्ड्रीच्या मागे गॅरेजांची रांग होती. गल्लीत साबणाच्या वाफेचा वास दाटला होता. गाडीचा मालक निवृत्त दातांचा डॉक्टर होता. त्याने शटर असं जपून वर केलं, की जणू पेशंटला ‘आ करा’ म्हणत होता.

आत ती उभी होती. गडद हिरवी, दोन सीटची, लांब नाकाची. कारखान्याने असल्या मोजक्याच गाड्या बनवल्या आणि मग कायमचं कुलूप लावलं. शाळेत असताना हिचं चित्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. धाकट्याला तेव्हा चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. आणि आज तो हिला विकत घ्यायला आला होता, भाजी घ्यायला आल्यासारखा.

“भाऊजी, नकली म्हणा हो हिला,” त्याची बायको हसत म्हणाली. “घरात सवत नको मला.”

मी कामाला लागलो. पत्र्यावरून चुंबक फिरवलं. जिथे भोक बुजवून पुट्टी भरलेली असते, तिथे ते गळून पडतं. इथे ते सगळीकडे घट्ट चिकटलं. मग भिंगातून चासी नंबर पाहिला. त्या कारखान्यात नंबर हातोडीने ठोकत, त्यामुळे खरे आकडे थोडे वेडेवाकडे असतात. नकली करणारे लोक हौसेने ते सरळ रेषेत ठोकतात. इथला सातचा आकडा दारुड्यासारखा कलला होता. गालिचा उचलला, तर खाली एकसंध पत्रा, जोड नाही की डाग नाही.

सतरंजीवर पडल्यापडल्या मी तिच्या पोटाला हात लावला. शंभर नंबरी अस्सल होती.

वर धाकटा स्टिअरिंग धरून बसला होता आणि तोंडाने हॉर्न वाजवत होता.

त्याने बोट दाखवावं आणि वस्तू त्याची व्हावी, ही आमच्या घरातली जुनी रीत. बाबांचं घड्याळ त्याला मिळालं, उजेडाची खोली त्याला मिळाली. तो कधी हट्ट करत नसे, वस्तू आपणहून त्याच्याकडे चालत जात. आणि मिळाली की इतका मनापासून खूश व्हायचा, की त्याच्यावर रागावायचीही सोय नव्हती. मी मात्र रागावायचो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि मी त्याची पाठ थोपटायचो.

“काय दादा? पास की नापास?”

मी त्याला बाहेर गल्लीत नेलं. त्याची बायको मागोमाग आली.

“नकली आहे,” मी म्हणालो. “नंबर घासून पुन्हा ठोकलाय. आकडे बघ कसे पट्टी लावल्यासारखे सरळ आहेत. आणि चालवणाऱ्याच्या पायाखाली जोड आहे, वीतभर.” आमच्या धंद्यात खोटंही मोजमापासकट सांगावं लागतं, नाहीतर कोणी विश्वास ठेवत नाही.

धाकट्याने खांदे उडवले. “असू दे ना. दिसते तर झकास. मी काय प्रदर्शनात मांडणार आहे?”

म्हणजे नकली असली तरी त्यालाच हवी होती. माझं डोकं सणकलं.

“माणूस गेलाय हिच्यात,” मी म्हणालो. “स्टिअरिंग छातीत घुसलं. दोघं भाऊ होते. धाकटा चालवत होता, तो जागच्या जागी गेला. मोठा शेजारी बसला होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही.”

हे कुठून सुचलं, सांगता येत नाही. तोंडातून अगदी सहज बाहेर पडलं.

त्याची बायको हसायची थांबली. तिने नवऱ्याचा दंड धरला. “चला हो इथून.”

धाकट्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “बरं झालं तू होतास, दादा,” म्हणाला. जाताना त्याने मला मिठी मारली.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरला फोन करून सांगितलं, गाडी मी घेतो. तो म्हणाला, “उद्या दुपारी या. शटर उघडंच ठेवतो.” मला वाईट वाटलं का? नाही. आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याच्या ताटातलं माझ्या पानात पडत होतं. रात्री मी छान जेवलो.

दुसऱ्या दिवशी शटर खरंच उघडं होतं, पण डॉक्टरचा पत्ता नव्हता. लॉन्ड्रीची यंत्रं बंद होती. गाडी मला पाठ होती, तरी हाताची सवय जाईना. वाट बघता बघता मी भिंग काढलं.

आकडे सरळ होते.

मी काच पुसली, पुन्हा पाहिलं. सातचा आकडाही ताठ उभा होता. भोवताली घासल्याच्या बारीक रेघा होत्या. ताज्या नव्हत्या; त्यांच्यावर जुना गंज चढला होता.

उजेडाचा दोष असेल, म्हणून मी टॉर्च लावला. मग दार उघडून चालवणाऱ्याच्या पायाखालचा गालिचा उचलला. वेल्डिंगचा जोड होता. मी त्याच्यावर हात ठेवून मापला. बरोबर वीतभर.

काल इथे पत्रा एकसंध होता. पत्र्याच्या बाबतीत मी चुकत नाही.

तिसरं तपासायचं माझ्या मनात नव्हतं. तरी मान वर झाली. स्टिअरिंगचा दांडा वाकलेला होता. मधली चकती पिचून आत गेली होती.

मागे पावलं वाजली. डॉक्टर आला असं वाटून मी वळलो.

धाकट्याची बायको होती. कालचीच ती, पण केस पार पिकलेले.

“तू इथे? डॉक्टर कुठे आहेत?”

“कोण डॉक्टर?” ती म्हणाली. “गॅरेज आपलंच आहे ना, भाऊजी.”

मी खिशातून फोन काढला. धाकट्याचा नंबर मला तोंडपाठ आहे.

“कुणाला लावताय?”

“त्याला.”

तिने माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला. चिडली नाही. हे तिने याआधीही पुष्कळदा केलं असावं.

“तुम्ही शेजारीच होतात ना,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमच्या मांडीवरच गेले ते.”

मी पुन्हा त्या पिचलेल्या चकतीकडे पाहिलं.

“इतकी वर्षं विकवत नव्हती मला. तुम्हाला हवी असेल तर घेऊन जा. पैशाचं बोलू नका.” तिने चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

खोटं कशाला सांगू, चावी मुठीत येताच मला आधी आनंदच झाला. एक क्षणभर. मग मी स्टिअरिंगमागे जाऊन बसलो.

सीट फार पुढे होती. खालची कडी ओढून मी ती माझ्या मापाला मागे सरकवली. ती खाचेत बसली.

चावी लावली.

खाली कडी आपोआप सुटली. सीट मला घेऊन सावकाश पुढे आली आणि माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले.

मी पुन्हा मागे सरकवली. ती पुन्हा पुढे आली.

तिसऱ्या वेळी मी ओढाताण केली नाही. उतरलो, वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

धाकट्याचे पाय माझ्यापेक्षा आखूड आहेत.