जिंतूरची करवली

परभणीहून सुटलेली जिंतूर गाडी झरीच्या अलीकडं पंक्चर झाली, तेव्हा धम्मशीलेच्या मांडीवर स्टीलचा गोल डबा होता आणि डब्यात भाकरी नव्हती. बाकीचे प्रवासी उतरून सावलीला गेले. ही जागची हलली नाही. दोन्ही हात डब्यावर, नजर खिडकीबाहेर, जणू डबा आपला नव्हेच.

पलीकडच्या सीटवरचा तरुण मात्र खाली गेला, रस्त्याकडेच्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोलला आणि हरभऱ्याचे ढाळे घेऊन परत आला. एक ढाळा त्यानं तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवली. हरभऱ्याची आंब बोटांना लागते, बोटं डब्याला लागणार...

"पेढे हायत का?" त्यानं विचारलं. "लय जपायलात म्हणून म्हणलं."

"पेढे नाहीत."

"मग?"

"सव्वादोन लाख लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट."

त्याचा घाटा सोलणारा हात थांबला. तो तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहायला लागला तो तेव्हा. त्याआधी तीनदा चोरून पाहून झालं होतं, ते धरायचं नाही.

धम्मशीला परभणीच्या एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये संगणकाचं सगळं काम बघायची. जिल्ह्यातल्या पाच गावांत लॅबची नमुने घ्यायची केंद्रं, आणि पाचही गावांचे रिपोर्ट परभणीतल्या एकाच मशीनमध्ये. ते बसलं तर सगळंच बसणार. म्हणून मालकीणबाई, डॉक्टर अंबिका, यांनी ठरवलं की तसंच दुसरं मशीन जिंतूरच्या केंद्रात उभं करायचं. जिंतूरची इंटरनेटची लाईन इतकी संथ की पहिली अख्खी प्रत तिच्यावरून पाठवायची म्हटलं तर आठवडा गेला असता. म्हणून हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून, एसटीनं. डॉक्टरबाईंनी निघताना सांगितलं होतं, तिथं परमेश्वर नावाचा नवा माणूस घेतलाय, त्याच्या हवाली कर.

हे तिनं शेजारच्याला सांगून टाकलं. पंक्चर निघेपर्यंत करायचं काय? वर हेही सांगितलं की तिचे आजोबा रंगनाथ यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात परमेश्वराच्या हवाली कुणी काही केलेलं नाही. नोकरीत चालवून घ्यावं लागतं, इतकंच.

"मग द्या की इथंच," तो म्हणाला. "मीच परमेश्वर."

तिनं ओळखपत्र मागितलं. त्यानं दाखवलं. तिनं नाव वाचलं, फोटो वाचला, पुन्हा चेहरा वाचला, आणि डबा तरीही दिला नाही. जिंतूरला टेबलावरच देईन म्हणाली. त्यानंतर मात्र तिनं एक ढाळा घेतला आणि सोलायचं काम त्याच्याकडं दिलं.

असं सुरू झालं.

काम तसं सरळ होतं. परभणीत दिवसभर जे लिहिलं जाई त्याचे छोटे छोटे गठ्ठे होऊन जिंतूरला जात, आणि जिंतूरचं मशीन ते ओळीनं स्वतःत उतरवून घेई. गठ्ठ्याला ऑफिसात लॉग म्हणत. प्रत्येक लॉगला नंबर. रोज अकरा वाजता तिनं फोन करायचा, आपला नंबर सांगायचा, त्यानं त्याचा सांगायचा. दोन नंबर जुळले की झालं. या सगळ्याला इंग्रजीत स्टँडबाय म्हणतात. परमेश्वरानं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव करवली ठेवलं. नवरीसारखीच नटलेली, नवरीच्या मागं उभी, तिच्याकडं कुणी बघत नाही. पण नवरीला घेरी आली तर पहिला हात तिचाच.

दोन नंबर सांगायला अर्धं मिनिट लागतं. जानेवारीत हा फोन चार मिनिटं चालायचा, फेब्रुवारीत अकरा, आणि मार्चमध्ये रविवारीही यायला लागला. रविवारी लॅब बंद असते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आज दोननं मागं हाय करवली," तो सांगायचा.

"का?"

"तुमचा आवाज ऐकल्याबिगर पुढं सरकत न्हाई म्हणती."

मग ती त्याला बजावायची की लाईन तपासा, आणि लाईन तपासून झाल्यावरही फोन चालूच. तुम्हीचं तू कधी झालं याची नोंद दोघांकडंही नाही. करवली मागं पडली की मशीन तसे इशारे मेलवर पाठवायचं. रोज फोन होतोच म्हणून धम्मशीलेनं ते मेल बंद करून टाकले. हिशेबी माणूस प्रेमात पडला की आधी असल्या पावत्या फाडतो.

एप्रिलात डॉक्टर अंबिकांनी पुण्याच्या एका कंपनीचं पत्रक तिच्यापुढं ठेवलं. रिपोर्टांचा सगळा साठा आम्ही सांभाळू, तुम्ही काही बघू नका, असा त्याचा मजकूर. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या. येत्या सोमवारी परभणीचं मशीन मुद्दाम थांबवायचं आणि दिवसभर जिंतूरवर लॅब चालवायची. एकही रिपोर्ट हरवला नाही तर जिंतूरची मशीनची खोली राहील. एक जरी हरवला तर खोली बंद, आणि परमेश्वरानं दुसरीकडं बघावं. चाकणला त्याच्या चुलतभावाच्या ओळखीनं काम तयारच होतं. जिंतूरची खोली गेली तर तो जिंतूरला राहणार नव्हता, आणि चाकणहून अकराचा फोन कशासाठी करायचा हे धम्मशीलेला सुचत नव्हतं.

हे तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो आधी मशीनबद्दल काहीच बोलला नाही. आपल्याबद्दल घरी कधी सांगणार, एवढंच विचारलं. सोमवार होऊ दे, ती म्हणाली. खोली राहिली तर सांगते.

"म्हणजे मी बी करवलीच," तो म्हणाला. "मागं उभं राहायचं. नाव न्हाई घ्यायचं."

"तू तरी कुठं सांगितलंस घरी?"

 त्याचे वडील अप्पाराव गावच्या महादेवाची पूजा करणारे. माय सरजाबाई सोमवारी पाणीसुद्धा जपून पिणारी. त्यानं फोन ठेवला. तिनंही... म्हणजे ठेवलेल्या फोनवर तिनं आणखी ठेवला. तो सोमवार होता, कसोटीच्या बरोबर एक आठवडा आधीचा. मंगळवारी अकराला कुणीच फोन केला नाही. बुधवारीही नाही. भांडण झालं की माणूस कामाचं बोलणंही लेखी करतो. दोघांची एक ऑनलाइन वही होती, गुरुवारी दुपारी तिच्यात परमेश्वरानं एक ओळ लिहिली. 'परवापासून करवली बंद. डीपीचं काम. लाईट आली की कळवतो.'

धम्मशीलेनं वाचलं. परवा म्हणजे शनिवार. शनिवार-रविवार लाईटवाले डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, काम करणार, सोमवारपर्यंत होईल. तिनं खाली 'ठीक' लिहिलं आणि त्या ठीकमध्ये जितका राग मावेल तितका घातला.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला परभणीत विजेचा दाब वाढून मशीनमधून जळकट वास आला आणि पडदा काळा झाला. काउंटरवर चाळीस माणसं. डॉक्टर अंबिका बाहेर येऊन म्हणाल्या, कसोटी तीन दिवस आधीच आली म्हणायची, उठव तुझं जिंतूर. धम्मशीलेनं चार दिवसांनी तो नंबर लावला.

"कितीवर आहे?"

"आत्ताच लाईट आली. मशीन चालू करायलोय." मग त्यानं नंबर सांगितला.

तिनं आकडा लिहिला आणि खाली बसली. तो मंगळवारचा नंबर होता.

"तू तर लिहिलंस परवापासून बंद!"

"मग? गुरुवारी लिहिलं. परवा म्हणजे मंगळवार. मंगळवारी डीपी जळाली."

आपल्या भाषेत परवा मागंही असतो आणि पुढंही. तो कुठल्या बाजूचा हे ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळतं. आणि आवाज तर दोघांनी चार दिवस बंद ठेवला होता.

मंगळवार ते शुक्रवार, सहाशे अठरा माणसांचे रिपोर्ट. त्यात देवगाव फाट्याची पंचफुलाबाई होती, जिची नस तीन जणींनी मिळून शोधली होती. डॉक्टरबाई डोक्यावर उभ्या. आहे तसं कामाला उघड, राहिलेलं मागून भर, त्या म्हणाल्या. आणि इथं धम्मशीला पहिल्यांदा त्यांना नाही म्हणाली. आहे तसं जिंतूर उघडलं की त्यावर नवं लिहिलं जाणार, आणि मग मधले लॉग त्यात कधीच बसणार नाहीत. सहाशे अठरा जणांना पुन्हा सुई टोचायची. मेलेल्या मशीनमध्ये लॉगची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवलेली होती, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावल्यावर जिवंत निघाली. लाईननं पाठवली तर संध्याकाळ झाली असती. गाडीनं नेली तर तासाभराचं काम.

"एक वाजेपर्यंत थांबते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक वाजता मी उघडायला सांगणार. मग खोलीचं काय ते तुला माहीत आहे."

धम्मशीलेनं वडिलांना फोन केला. सिद्धोधन सर शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ते दहा मिनिटांत मोटरसायकल घेऊन आले आणि का म्हणून न विचारता जिंतूरची वाट धरली. 

जिंतूरच्या खोलीत सरांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली. परमेश्वरानं डिस्क लावली. चौसष्ट लॉग. ती नंबर वाचायची, लॉग उतरला की तो 'बसला' म्हणायचा.

"एकोणीस."

"बसला."

"वीस."

"...बसला."

विसावा बसायला जरा वेळ लागला तेव्हा दोघांची डोकी पडद्यापुढं एकमेकांना लागली, आणि दोघांनीही मागं घेतली नाहीत. सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. पान मागच्या वर्षीचं होतं, पण ते फार मन लावून वाचत होते.

पावणेएकला चौसष्टावा बसला. परमेश्वरानं मशीन उघडलं. परभणीच्या काउंटरवरून पहिला रिपोर्ट निघाल्याचा फोन आला, मग सेलूहून, मग देवगाव फाट्याहून. सहाशे अठराच्या सहाशे अठरा. शेवटी डॉक्टर अंबिका स्वतः फोनवर आल्या आणि चूक कुणाची हे विचारलं. धम्मशीला म्हणाली, माझ्या वाचण्यात. त्याच वेळी बाजूनं परमेश्वर ओरडून म्हणाला, माझ्या लिहिण्यात.  खोली राहू दे, डॉक्टरबाई म्हणाल्या, परभणीत नवं मशीन येईपर्यंत मुख्य तुमचं जिंतूरच; आणि यापुढं वहीत तारीख लिहायची.

 काम संपलं होतं आणि आता निघायला हवं होतं. सर उठले, चावी हातात घेतली. परमेश्वर उगाच एक वायर सरळ करायला लागला, जी सरळच होती.

"बाबा," धम्मशीला म्हणाली, "थोडं बसा. मला बोलायचंय... यांच्यासमोरच."

सर बसले.

"मला ह्यांच्याशी लग्न करायचंय."

वायर त्याच्या हातातून सुटली. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग मुलीकडं न बघता म्हणाले, "गाडीच्या आरशात दिसत होतीस मला. झरीपासून इथपर्यंत रडत आलीस. मी म्हणलं, कॉम्प्युटरसाठी इतकं कुणी रडतंय होय..."

ती हसली की पुन्हा रडली, नीट सांगता येत नाही. दोन्ही असावं.

मग सर परमेश्वराकडं वळले. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाकडं बघतात तसं बघितलं, पण आवाज मऊ होता.

"घरी सांगितलंस का रे?"

"न्हाई, सर."

"कधी सांगणार?"

परमेश्वरानं धम्मशीलेकडं पाहिलं. तिनं खोलीसाठी मालकिणीला नाही म्हटलं होतं, बापासमोर त्याचं नाव घेतलं होतं. आता मागं उभं राहायची सोय त्याला उरली नव्हती.

"आज," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी गेलो की सांगतो."

"काय म्हणतील?"

"बाप चिडतील, मग देवळात जाऊन बसतील. माय... माय दोन दिवस बोलणार न्हाई, सर. जेवायला वाढंल, पण बोलणार न्हाई. तिसऱ्या दिवशी बोलंल."

सरांनी बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार. मग चावी खिशात टाकली.

"ठीक," ते म्हणाले. "मग आमी चौथ्या दिवशी येतो."