दोन खांबांमधली जागा

"अक्का, माजी लेक कुठाय?"

दारात राजनंदिनी उभी होती! डाव्या हाताला जाडजूड पट्टी, पदराला उसाचं पाचट चिकटलेलं... ऊसतोडीच्या ऐन हंगामात, फड सोडून धाकटी बहीण घरी आलेली पाहून शिवकन्या लगबगीनं पुढं आली.

"हाताला काय गं झालं?"

"कोयता लागला. मुकादम म्हणला, आठ दिस घरी जा. ते ऱ्हाऊ दे, भाग्यश्री कुठाय?"

"ग्राउंडवर... येईल की आता. तू बस, चहा टाकते."

"चहा नको. मला बघू दे तिला खेळताना. चल!"

ज्या क्षणाला शिवकन्या पंधरा वर्षं भीत होती, तो आज चपला घालून तिची वाट पाहत उभा होता.

ऊसतोडीत एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या चंद्रभानच्या घरी टोळी निघायच्या आत सून हवी होती, आणि त्याच्याशी सोयरीक ठरली होती ती शिवकन्येची. हळदीच्या आदल्या दिवशी राज्याच्या फुटबॉल संघाचं बोलावणं आलं, आणि ती पहाटेच्या एसटीनं निघून गेली... मांडव घातलेला, पाहुणे जमलेले! वडिलांचा, पंडितरावांचा शब्द खाली पडू नये म्हणून बोहल्यावर उभी राहिली सोळा वर्षांची राजनंदिनी. गंगाखेडच्या मैदानावर जी अक्कापेक्षाही सरस गोलकीपर होती, तीच!

पुढं आठ वर्षं शिवकन्येनं महाराष्ट्राचा गोल राखला. बॉल कुठं येणार हे हिला आधीच कसं कळतं, म्हणून पेपरवाले नवल करायचे. त्यांना काय ठाऊक! तिच्या पाठीशी, जाळीला टेकून, हळदीनं माखलेली सोळा वर्षांची एक पोर उभी असायची आणि हलकेच सांगायची, "अक्का, डावीकडं!" शिवकन्या झेपावायची, बॉल हातात यायचा, आणि टाळ्यांच्या कडकडाटात तिच्या काळजाचे तुकडे व्हायचे... खांदा निखळला, खेळ सुटला, ती कोच झाली. ती पोर मात्र सुटली नाही. पुण्याची नोकरी चालून आली, स्थळं आली. तिनं सगळ्यांना हात जोडले. टोळी निघाली की भाचीला सांभाळायचं, हेच तिनं आपलं प्रायश्चित्त मानलं. भाग्यश्रीला तिनं सगळं शिकवलं, फक्त गोलाच्या त्या दोन खांबांत कधी उभं केलं नाही. ज्या जागेपायी बहिणीचं आयुष्य करपलं, तिथं तिचीच लेक उभी करायची? राजूला, आपल्या धाकटीला, ते पाहवेल? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बहिणीला एकदा तोंडानं विचारावं, एवढं या शहाण्या बाईला पंधरा वर्षांत सुचलं नाही.

मैदानावर दुसरीच मुलगी गोलात होती. तेरा वर्षांची भाग्यश्री जाळीमागं बसून बाहेर आलेले बॉल परत फेकत होती, आणि तिच्या शेजारीच, भर उन्हात, शिवकन्येला ती हळदीची पोरही दिसत होती...

"ही भाईर का बसलीय?" राजनंदिनीनं विचारलं.

"राजू, मला वाटलं तुला... त्या जागेचा तुला तिटकारा असंल..."

"तिटकारा?" राजनंदिनीनं तिचा दंड धरला. "बाबा मांडवात डोकं धरून बसले हुते, तवा मी म्हणले, मला उभी करा! कुणी ढकललं न्हाई मला. म्हणलं, दोघींतली एक तरी ऱ्हाऊ दे तिथं. फडात कुणी पेपर आणला की तुजा फोटो बगायचे मी. अन् तू? माज्यापुढं नजर खाली घालून वागलीस! पोरीच्या तापाचं बोललीस, शाळेचं बोललीस, एकदा तरी खेळाचं बोललीस का?"

"राजू गं..."

"लेक तुज्याकडं कशापायी ठिवली? भाकरीपायी? भाकर तर आपली आई बी घालती तिला! मला जे मिळालं न्हाई ते तिला दिशील म्हणून ठिवली, अन् तू तिला भाईर बसवलीस... अक्का, लगीन झालं तवा मी रडले न्हाई. आज रडायलेय, बग!"

शिवकन्या तिथंच मातीत बसली. तिनं बहिणीचा पट्टी बांधलेला हात कपाळाशी धरला आणि पंधरा वर्षं अडवून धरलेला हुंदका फुटला. आपण जिला भूत समजून भ्यालो, ती तर पाठराखण करत होती! आणि आपण त्या माऊलीच्याच लेकीचा हक्क मारला... मुली खेळ थांबवून आपल्या कडक कोचबाईंकडं बघत राहिल्या.

मग शिवकन्येनं हाक मारली, "भाग्यश्री! गोलात जा."

भाग्यश्रीनं आधी आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली, तशी पोर धावतच आत शिरली आणि हात पसरून उभी राहिली. पहिलाच बॉल आला, सावकाश, सरळ... आणि तिच्या दोन्ही पायांमधून जाळीत गेला!

राजनंदिनीनं पदरानं नाक पुसलं.

"अक्का," ती म्हणाली, "ही काय माज्यावर गेली न्हाई. तुज्यावर गेलीय!"

शिवकन्या रडता रडता हसली, उठली, आणि गोलाकडं धावत जाऊन भाचीच्या पुढ्यात खाली बसली.

"पाय मिटून घे, बाळा," ती म्हणाली. "पुन्हा."