सतारीच्या अकरा गाठी

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण हे घडलंय. सारंगखेड्यात, तापीच्या काठावर, सन सदतीसच्या थंडीत. आणि रात्री-बित्री नाही, चांगलं ऊन डोक्यावर असताना!

लोटन मिस्तरी गावातला सुतार. नांगर, दारं, गाड्या करणारा माणूस. त्याच्याकडे एका सकाळी म्हसावदहून भीमसिंग गिरासे आले. हातात कापडात गुंडाळलेली सतार. त्यांची बायको वर्षापूर्वी वारली होती. बडोद्याकडची होती, सतार वाजवायची. आता तिचे म्हातारे वडील लेकीची आठवण म्हणून ती न्यायला येणार होते.

"मिस्तरी, कडेनी पट्टी उखडी गयी शे. उद्या पाहिजे."

भोपळ्यावर लाकडी तबली जिथे बसते, त्या कडेने हाडाची पांढरी पट्टी फिरवलेली होती. अर्धी सुटून लोंबत होती.

लोटनने शब्द दिला. तारा उतरवून खिळ्याला अडकवल्या. सरस वितळवला, कडेला लावला, पट्टी दाबून बसवली. ती हलू नये म्हणून भोपळ्याभोवती सुताची नाडी आवळली. मोजून अकरा गाठी मारल्या. सकाळपर्यंत त्या सोडायच्या नाहीत. सोडल्या की काम गेलंच.

दुपारी त्याच्या बायकोला, दगूबाईला, कळा सुरू झाल्या.

आधीची दोन बाळं जन्मतानाच गेली होती. हे तरी हाती लागू दे, आणि दगू वाचू दे... लोटनचं देवाकडे तेवढंच मागणं होतं.

सुईण कौसाबाई आली. पदर खोचताखोचताच तिने हुकूम सोडला, "लोटन, घरमा एक बी गाठ ऱ्हावाले नको. बठ्ठ्या सोड!"

रीतच तशी. बाळंतपणाच्या वेळी घरातलं बांधलेलं सगळं मोकळं करायचं, म्हणजे बाईही मोकळी होते. लोटनने पेटीचं कुलूप काढलं. गाईचं दावं सोडलं. गोण्यांची तोंडं उघडली. स्वतःच्या कमरेचा करगोटासुद्धा सोडला.

राहिली सतार.

ही काय आपल्या घरची गाठ आहे? त्याने मनाशी म्हटलं. लोकाची वस्तू. आणि ओट्यावर आहे, घरात कुठे?

शहाणाच की नाही!

तास गेला. दुसराही जात आला. आत दगूबाई कण्हत होती. बाहेर लोटन सरस वाळतोय का बघत बसला होता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं...

दगूबाई कण्हली, की मागोमाग ओट्यावरही कुणीतरी कण्हतं.

वारा असेल, असं त्याला वाटलं. पण झाडाचं पान हलत नव्हतं.

पुन्हा आतून कळ आली.

पुन्हा... सतारीतून.

तारा तर खिळ्याला लटकत होत्या!

लोटनच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी हात पुढे होईना. सरस अजून ओला आहे, भीमसिंगांना उद्या काय तोंड दाखवू...

तेवढ्यात आतला आवाज थांबला. एकदम.

कण्हणं मात्र चालूच होतं...

ओट्यावर.

कौसाबाई धावत बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. "दगूनं आंग थंड पडी ऱ्हायनं! कोनती गाठ ऱ्हायी गयी? सांग ना रे मुडद्या!"

लोटनने पटाशी उचलली.

"कापू नको! सोड!"

सरस पाझरून गाठी चिकटल्या होत्या. त्याने नखं लावली, दात लावले. ओठ फाटला. एक सुटली. दुसरी सुटली. प्रत्येक गाठीला ते कण्हणं थोडं खाली यायचं. अकरावी सुटली आणि पट्टी ताडकन उडून अंगणात पडली.

सगळं शांत झालं.

मग आत बाळ रडलं. लोटन तिथेच बसून हुंदके देऊन रडला.

दुसऱ्या दिवशी भीमसिंग आले. लोटनने हात जोडले. "आबा, काम बिघडी गयं. बायको अडेल व्हती, गाठी सोडन्या पडन्यात."

वाटलं, आता शिव्या बसतील. पण भीमसिंग सतारीशेजारी ओट्यावर बसले.

"मन्ही बायको बी बाळतपणमाच गयी," ते हळूच म्हणाले. "तवय बी ही पट्टी सुटेल व्हती. मीच दोरा लायीसन बांधेल व्हती. घरनं बठ्ठं सोडं, हाई गाठच ऱ्हायी गयी. दहाव्या दिवशी ध्यानमा उनं. आजलगून कोनले सांगं नही."

कालच्या कण्हण्याचं न सांगता लोटन सतार कापडात गुंडाळू लागला.

तेवढ्यात आतून दगूबाईचा आवाज आला. थकलेला. ती नुकतीच जागी झाली होती.

"आवो... ती बाई सुटनी का?"

"कोन बाई?"

"मन्हा शेजारले निजेल व्हती ना काल, ती. गाठ सोडा, गाठ सोडा, अशी हाका मारी ऱ्हायनी व्हती. तुम्हीन लवकर उनातच नही."

ओट्यावर बसलेल्या भीमसिंगांनी ते ऐकलं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मिस्तरी... कितला येळ हाका मारी ऱ्हायनी व्हती ती?"

लोटनला माहीत होतं किती वेळ. जवळजवळ दोन तास.

पोर जगलं. दगूबाई पुढे नातवंडं खेळवून गेली. लोटन म्हातारपणीही ही हकीकत सांगायचा. भुताची भीती वाटली, असं तो एकदाही म्हणाला नाही. पण ते दोन तास आले की तंबाखूची डबी शोधायचा, मग उठून जायचा.

दगूबाईने तोच प्रश्न त्याला कितीदा तरी विचारला, ती बाई सुटली का म्हणून. तो सांगणार काय? त्यालाच ठाऊक नव्हतं.